शेडमास्तरांच्या टाकीवरचा दिवा

जरा वर बघा मित्रांनो. मासे नंतर बघा, ते काही कुठे पळून जात नाहीत. टाकीच्या वर, दोन साखळ्यांना लटकलेली ही पत्र्याची लांबट पेटी दिसते ना, पोटात चार ट्यूब असलेली, कडेने गंजलेली? तो मी. ह्या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली. पाहुणे येतात, माशांचं कौतुक करतात, प्रवाळांचं करतात, अगदी काचेचंही करतात. पण हे सगळं दिसतंय कुणामुळे, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. असो. आम्हा दिव्यांना त्याची सवय असते.

मी रडगाणं गायला बसलेलो नाही. माझ्यावर एकदा आळ आला होता, म्हातारा झाल्याचा, आणि त्या आळापायी ह्या टाकीतलं सगळ्यात देखणं प्रवाळ मरायला टेकलं होतं. एका भल्या माणसाचे डोळेही जायच्या वाटेवर होते. ते सगळं मी इथून पाहिलं आहे, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. पत्रा कापणारं यंत्र, वाकवणारं यंत्र, भोकं पाडणारं यंत्र, असे सगळ्यांचे मार खाऊन झाल्यावर शेवटी मी एका बाईंच्या टेबलावर आलो. त्यांनी माझ्यात तारा जोडल्या, पहिल्यांदा वीज सोडली, कपाळावर हाताचा आडोसा धरून माझ्याकडे पाहिलं आणि 'चांगला आहे' असं पुटपुटत पाठीवर एक कागद चिकटवला. आयुष्यात मिळालेलं माझं ते पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्र. मग खोका, अंधार, ट्रकचे हादरे आणि मासे विकणाऱ्या एका दुकानाची सगळ्यात वरची फळी. तिथून मला शेडमास्तरांनी घरी आणलं.

शेडमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते रंगांच्या दुकानात काम करतात. भिंतीला लावायच्या रंगाची नेमकी छटा, म्हणजे शेड, जुळवून द्यायची, हे त्यांचं काम. गिऱ्हाईक हातात काहीही घेऊन येतं, तुटकी फरशी, सदऱ्याचं बटण, वाळलेली पाकळी, आणि म्हणतं, अगदी असाच रंग हवा. मास्तर ती वस्तू खिडकीपाशी नेतात, डोळे बारीक करून पाहतात, परत येऊन चार डब्यांतले थेंब मोजून टाकतात आणि ढवळतात. रंग तंतोतंत जुळतो. दुधी, मोतिया, हस्तिदंती, शंखासारखा पांढरा, अशा पांढऱ्याच्याच म्हणे त्यांना तीसएक जाती ओळखता येतात. दुकानात मीटर लावून रंग जुळवणारं यंत्र आलं, तेव्हा मास्तरांनी त्यावर आपली टोपी ठेवायला सुरुवात केली.

घरी त्यांची बायको पडदे शिवते. तिचं शिलाईचं यंत्र ह्याच खोलीत, खिडकीखाली आहे. टाकी घरात आली तेव्हा 'ही माझी सवत' असं तिने जाहीर करून टाकलं. मास्तर दर रविवारी ओल्या फडक्याने माझ्या पत्र्यावरचं मीठ पुसत. खाऱ्या पाण्याची टाकी ही, बुडबुडे फुटले की शिंतोडे थेट माझ्या अंगावर. ते मला इतकं हळुवार पुसत की ती एकदा म्हणाली, मला ताप आला तेव्हासुद्धा एवढ्या मायेने कुणी कपाळ पुसलं नव्हतं. मास्तर हसले आणि माझी दुसरी बाजू पुसायला लागले.

आता त्या प्रवाळाविषयी. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे, तो जीव आहे. त्याच्या अंगात नजरेला न दिसणारं शेवाळ राहतं. उजेड मिळाला की ते शेवाळ अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. उजेड कमी पडला की दोघांची उपासमार. पण उजेड एकदम वाढला तर शेवाळाला ते सोसत नाही, ते प्रवाळाच्या अंगातून बाहेर पडतं आणि मागे उरतं पांढरंफटक, उपाशी प्रवाळ. म्हणजे बघा, टाकीतल्या सगळ्यांचा जीव माझ्यावर. एवढी जबाबदारी असूनही मी कधी मिजास केली नाही. थोडी केली असेल.

मास्तरांच्या एका जुन्या मित्राने स्वतःची टाकी मोडली तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा त्यांना दिला. नऊ वर्षांत त्याचा कोबीच्या गड्ड्याएवढा फांद्याफांद्यांचा पसारा झाला. रंग मोरपंखी, आणि फांद्यांच्या टोकांना किंचित पिवळसर झाक. बायको त्याला 'झुडूप' म्हणे. मास्तरांचा मात्र त्यावर जीव होता, आणि त्याला कारण होतं. तो रंग त्यांना दुकानात जुळवता आला नव्हता. अकरा वेळा प्रयत्न केला, अकरा पट्ट्या रंगवून आणून काचेला लावून पाहिल्या, आणि अकराही खिशात घालून परत नेल्या. जगात एक तरी रंग माझ्या हाती लागत नाही, असं ते कौतुकाने सांगत.

आणि मग दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, ट्यूब बसल्या वाटतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्यूबचं तेज वर्षभराने कमी होतं हे खरं; पण त्या बदलून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्यांनी नव्या आणल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. उजेड पिवळट वाटतो, टाकी मळकट दिसते. पुन्हा नव्या ट्यूब. माझ्या आतला चकचकीत पत्रा त्यांनी घासघासून काढला, काच तीनदा पुसली, पाणी बदललं. तरी समाधान नाही. शेवटी खुर्चीत बसून ते बायकोला म्हणाले की दिवाच म्हातारा झाला. ती यंत्रावरून मान न उचलता म्हणाली, आपण तरी कुठे तरुण राहिलो.

खरं सांगू? मलाही वाटलं, असेल बुवा. कुणी पुन्हा पुन्हा म्हणायला लागलं की आपलाही आपल्यावरचा विश्वास उडतो. मी जीव तोडून जळायचो आणि रोज संध्याकाळी मास्तर मान हलवायचे.

पण काही गोष्टी मी पाहत होतो. माशांना खाणं घालताना चिमूट टाकीबाहेर पडायची. समोरच्या घराचा दिवा लागला की मास्तर डोळे मिटून घ्यायचे. एकदा बायकोने काळ्या दोऱ्याचं रीळ मागितलं, त्यांनी गडद निळं दिलं. तिने रिळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता उठून काळं रीळ स्वतः आणलं. शेडमास्तरांना रंग चुकला म्हणून सांगायचं कुणी? ज्यांच्या शब्दावर शहरातल्या भिंती रंगतात, त्यांना? त्या घरात रंगाच्या बाबतीत मास्तरांचा शब्द शेवटचा होता. तिला वाटलं, लक्ष नसेल. तिची चूक म्हणवत नाही मला. ते मान राखायला गप्प राहणं होतं.

गेल्या वर्षी माझ्या मदतीला एलईडीच्या दोन पट्ट्या आल्या. मदतीला म्हणे! बारीक, गुळगुळीत, निळसर पांढऱ्या, कालची पोरं. मास्तरांचा मेहुणा वायरमन आहे. त्याने माझ्या दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवल्या आणि उजेड कमीजास्त करायचं गोल बटण भिंतीवर लावलं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की पाव ताकदीवर सुरू करा, दिवसाला दोनच तास ठेवा, आणि कित्येक आठवडे घेऊन हळूहळू वाढवा. मेहुण्याने ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. मासेवाल्या दुकानदाराने तर उजेड मोजायचं मीटर दोन दिवसांसाठी वापरायला दिलं होतं. मास्तरांनी ते पिशवीतून बाहेरही काढलं नाही. त्यांचं म्हणणं एकच, छटा जुळवायला मला मीटर लागत नाही, माझे डोळे आहेत.

मग ते टाकीसमोर उभे राहिले आणि बटण फिरवत गेले. पाव झालं, अर्धं झालं, पाऊण झालं. बटण पार शेवटाला टेकलं तेव्हा कुठे त्यांच्या कपाळावरची आठी गेली. आता कसं दिसायला लागलं, असं ते समाधानाने म्हणाले. मेहुणा डोळे चोळत होता. त्याने विचारलं, दाजी, घर आहे की क्रिकेटचं मैदान? सगळे हसले. बायकोने दुसऱ्या दिवशी यंत्र फिरवून पाठ टाकीकडे केली आणि डोळ्यांवर झाप येणारी टोपी घालून शिवायला बसली.

चौथ्या दिवशी प्रवाळाची टोकं फिकटली. आठव्या दिवशी वरच्या फांद्या पांढऱ्या झाल्या. मी वर लटकलेलो, उजेड ओतणाऱ्या दोन पट्ट्या माझ्या काखेत, आणि खाली माझ्या डोळ्यांदेखत त्याचा जीव चाललेला. मला हे असह्य होत होतं मित्रांनो. ओरडावंसं वाटे. पण दिव्याला लुकलुकण्यापलीकडे काय येतं? मी एकदा मुद्दाम लुकलुकून पाहिलं. मास्तर म्हणाले, बघ, गेलाच हा कामातून.

बायकोलाही झुडूप पांढरं होताना दिसत होतं. पण तिला वाटलं, त्यांनाच असा रंग हवा असेल, त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला. प्रवाळातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून ती तिच्या झालरींकडे वळली.

पंधराव्या दिवशी मास्तर कामावरून आले ते तणतणत. एका गिऱ्हाइकाने हस्तिदंती रंग मागितला होता, भिंत निळसर निघाली. दुकानाच्या मालकाने अगदी सांभाळून विचारलं होतं, मास्तर, तब्येत बरी आहे ना? तेच त्यांना झोंबलं होतं. त्या गिऱ्हाइकाच्या घरातला बल्बच खराब असणार, असं ते ठासून सांगत होते. चहा तसाच ठेवून ते टाकीसमोर बसले. जरा वेळाने त्यांचा आवाज निवळला.

"रंग ह्याला म्हणतात," ते म्हणाले. "बघ तरी, काय मोरपंखी खुललाय."

शिलाईचं यंत्र थांबलं. बायको टोपी काढून त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने टाकीत पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

"कुठे आहे मोरपंखी?" तिने हळूच विचारलं.

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. बरोबर त्या फांदीवर, जी सगळ्यात पांढरी पडली होती.

तिने कापडावर खुणा करायचा पांढरा खडू टेबलावरून आणला आणि त्या फांदीशेजारी काचेला टेकवून धरला.

"ह्या दोघांत फरक सांगा."

मास्तर वाकले. नाक काचेला लागेपर्यंत वाकले. एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं.

"फरक नाही," ते म्हणाले. "दोन्ही सारखेच दिसतात."

"खडू पांढरा आहे," ती म्हणाली. "आणि झुडूपही. आठवडा झाला."

तीस जातींचे पांढरे ओळखणारा तो माणूस खडूकडे बघत राहिला. मग त्यांनी भिंतीवरचं बटण चाचपलं आणि पट्ट्या बंद केल्या. मी एकटाच पेटलेला राहिलो. त्या माझ्या उजेडात, ज्याला ते वर्षभर मळकट म्हणत होते, त्यांनी तिला सगळं सांगितलं. दीड-दोन वर्षं झाली, समोरचं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. दुकानात डब्यांची नावं ते वाचत नव्हते, कोणता डबा कुठे असतो ते पाठ होतं म्हणून निभावत होतं. उरलेला रंग आठवणीने दिसायचा, प्रवाळाचाही. आणि भीती एकच. डोळे गेलेल्या शेडमास्तराला कोण विचारतो? म्हणून दिव्याचा दोष काढला. दिवा बदलता येतो.

ती रडली नाही की रागावली नाही. म्हणाली, उद्या डोळे दाखवायला जाऊ, आणि तोवर तुमचं झुडूप मी बघते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मोतीबिंदूने जग अंधूक तर होतंच, पिवळटही होतं, आणि निळा रंग डोळ्यापर्यंत नीट पोहोचतच नाही. डॉक्टरीणबाईंनी हे समजावलं, शस्त्रक्रियेची तारीख दिली, आणि इतके दिवस कुणाला सांगितलं कसं नाही म्हणून मास्तरांना चांगलं फैलावर घेतलं. घरी आल्यावर बायकोने मेहुण्याला ते सगळं जसंच्या तसं ऐकवलं, तेव्हा मला बरं वाटलं.

इकडे तिने कंबर कसली. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. मेहुण्याला पाठवून मीटर आणवलं आणि पट्ट्या अगदी कमी ताकदीवर, दिवसाला दोन तास लावल्या. माझ्या साखळ्या वर ओढून मला वीतभर उंच केलं. तेवढ्यानेही मीटरचा आकडा तिच्या मनासारखा उतरेना, तेव्हा पडद्यांच्या पांढऱ्या जाळीचे तिने टाकीच्या मापाचे चार तुकडे कापले, कडा दुमडून शिवल्या, आणि एकावर एक असे माझ्या आणि पाण्याच्या मध्ये ताणून बसवले. दर आठवड्याला एक तुकडा काढायचा, म्हणजे प्रवाळाला उजेडाची हळूहळू सवय होईल. सवतीसाठी पडदे शिवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मास्तर हिरवा चष्मा लावून खुर्चीत बसून असत. डोळ्यावर ताण द्यायचा नव्हता. दर संध्याकाळी ते तिला प्रवाळाचा रंग विचारत. तिला त्यांच्या छटांची नावं कुठली ठाऊक? ती आपली कापडाच्या भाषेत सांगे. आज कोऱ्या मांजरपाटासारखं आहे. आज मांजरपाट जरा मळलंय. आणि एक दिवस ती म्हणाली की खालच्या फांद्यांवर चहाचे डाग पडल्यासारखं काहीतरी दिसतंय, आणखी बिघडलं की काय? मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. चहाचे डाग म्हणजे शेवाळ परत येत होतं. तिचा हात धरून ते नुसते हसत राहिले. तिलाही मग हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

जाळीचा शेवटचा तुकडा निघाला त्याच आठवड्यात मास्तरांना नव्या डोळ्याने टाकी पाहायची परवानगी मिळाली. ते समोर आले, जुना डोळा हाताने झाकला, आणि एकदम मागे सरले. इतका निळा रंग जगात आहे हे आपण विसरूनच गेलो होतो, असं ते म्हणाले. मग नवा डोळा झाकून जुन्याने पाहिलं. मग पुन्हा नव्याने. बराच वेळ त्यांचा हा खेळ चालला होता. प्रवाळाच्या वरच्या फांद्या वाचल्या नव्हत्या, त्या तशाच पांढऱ्या, मेलेल्या होत्या. त्यांच्यावरून त्यांनी नजर हळूहळू खाली आणली. खालच्या फांद्यांवर तपकिरीतून मोरपंखी उगवत होता. शेवटी त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"दोष दिव्यात नव्हताच गं," ते म्हणाले. "माझ्यात होता."

अकरा वर्षांत माझ्याविषयी कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. मला राग होता, तो तिथल्या तिथे उतरला.

त्यानंतर ते त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेले. भिंत पाहिली, चूक माझी म्हणाले, आणि स्वतः उभं राहून ती पुन्हा रंगवून दिली. दुकानातल्या यंत्रावरची टोपी आता खुंटीवर असते. आधी ते डोळ्यांनी जुळवतात, मग यंत्राने पडताळतात, आणि यंत्र चुकलं की घरी येऊन मोठ्या चवीने सांगतात. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. त्या एलईडीच्या पट्ट्यांशी माझं जमलंय आता. दुपारी तीन तास, बेताने, त्या त्यांचा निळा उजेड देतात आणि प्रवाळ आतून पेटल्यासारखं दिसतं. मला एकट्याला ते कधीच साधलं नसतं. पोरं वाईट नाहीत. त्यांना एकदम पूर्ण ताकदीने सोडलं, ही चूक त्यांची नव्हती.

मित्रांनो, मला जपा, माझा पत्रा पुसा, ट्यूब वेळेवर बदला, हे मी सांगेनच. दिव्यांनी सांगायचंच असतं ते. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस म्हणायला लागलं, हल्ली उजेड कमी पडतो, छपाई बारीक झालीय, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, तर हसू नका. आणि नुसता बल्ब बदलून मोकळे होऊ नका. त्यांना राग येईल, मान दुखावेल, म्हणून गप्पही बसू नका. त्यांच्याशेजारी जाऊन बसा, ते बघतात तिकडे बघा, आणि तुम्हाला काय दिसतं ते त्यांना सांगा. मला पंधरा दिवस सगळं दिसत होतं, पण तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.